तेलाचा भोंगा

मिस्त्री: ...आणि हा दुसरा प्लग. बघा ताई, तेलात नुसता न्हालाय. धूर निघेल नाहीतर काय होईल?

लेक: म्हणजे इंजिनाचा तेलाचा पंपच खराब! नवंकोरं इंजिन, आणि नदीच्या भर पात्रात माणसं बसलेली असताना बंद पडतं. बाबांनी वल्ही मारत आणली होडी. मी उद्याच हे परत पाठवते.

मिस्त्री: थांबा हो, घाई नको. पंप ठीक आहे, मी तपासला. टाकीतलं पेट्रोल द्या जरा. आता हा कागद बघा. एक थेंब टाकला.

लेक: मग?

मिस्त्री: नुसतं पेट्रोल असेल तर उडून जाईल, कागद कोरडा. इथे बघा, डाग राहिला. तेलकट. पेट्रोलमध्ये आधीच तेल आहे, आणि वर पंपही आपलं तेल सोडतोय. दोन्हीकडून चाललंय.

लेक: अहो, पण मी बजावलं होतं ना! या टू-स्ट्रोकला हातानं मिसळायचं नाही. तेल वेगळ्या टाकीत, पेट्रोल वेगळ्या, बाकी पंप बघून घेतो. बाबा! बाबा, तुमच्याशी बोलतेय मी. बघा, पाठ फिरवून बसलेत. रुसले की हे असंच.

मिस्त्री: ओ काका, इकडे बघा जरा. पेट्रोलमध्ये तेल तुम्ही घालता का?

बाबा: घालतो. पन्नासला एक. जन्मभर घातलं. जळालं का कधी इंजिन?

लेक: पण आता कशाला? हलत्या होडीत डबे घुसळत बसायचं, निम्मं तेल अंगावर. तो त्रास वाचावा म्हणून तर हे घेतलं.

बाबा: आणि पंपाचं तेल संपलं तर? कोरडं पेट्रोल पोटात गेलं की इंजिन जाम. मिसळलेलं कसं, जिथं पेट्रोल तिथं तेल. काळजी नाही.

मिस्त्री: तसं काकांचं अगदीच चूक नाही. पण त्यासाठीच भोंगा दिलाय. तेल कमी झालं रे झालं की बोंब मारतो.

बाबा: भोंग्याचा मला भरवसा नाही.

लेक: हट्ट, दुसरं काय! मिस्त्री, वाजवूनच दाखवा. एकदाचं समाधान होऊ दे यांचं.

(मिस्त्री तारा जोडतो. भोंगा किंचाळू लागतो.)

बाबा: लाव ना मग. वाट कसली बघतोस?

लेक: बाबा...?

मिस्त्री: काका, वाजतोय तो.

बाबा: हं. मग कर बंद.

लेक: इकडे बघा माझ्याकडे. कधीपासून चाललंय हे?

बाबा: जाड आवाज येतात अजून. इंजिन तर हातालाच कळतं, दांड्यावर हात ठेवला की. हे बारीक काही वाजलं, की नाही कळत.

लेक: मागून एखाद्या लाँचनं हॉर्न दिला तर?

बाबा: वळून बघतो की. सारखा बघतो.

लेक: आणि मला सांगितलं नाहीत! मला वाटायचं रुसलात. तुमच्या पाठीकडे बघून भांडत बसायचे मी, वेड्यासारखी.

बाबा: सांगितलं असतं, तर होडीवर जाऊ दिलं असतंस?

लेक: नसतं दिलं.

बाबा: मग!

लेक: मग काय मग? भीतीनं जीव चाललाय माझा इथे.

मिस्त्री: ताई, भोंग्याच्याच तारेवर लाल दिवा बसवून देतो. अगदी नजरेसमोर. काका, डोळे तरी शाबूत आहेत ना?

बाबा: तुझ्या शर्टाचं खालून दुसरं बटण तुटलंय.

लेक: हसताय काय मिस्त्री? बसवा दिवा. आणि बाबा, मिसळणं बंद. ही टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरायचं.

बाबा: नाही मिसळत. पण होडीवर जाणार मीच ना?

लेक: जा. पण मीही येणार. पुढच्या फळीवर बसेन, तुमच्याकडे तोंड करून.