सेन्सरचा दसरा

लोक शेजाऱ्यावर जळतात, मी एका मशीनवर जळतो. खाडीचं पाणी तपासायला मी अंबरनाथहून बाटल्या घेऊन जायचो. मग साहेबांनी तिथे सेन्सर बसवला. म्हणाले, "महाग आहे, पण दिवसभर रीडिंग देतो. तुझ्यासारखा चहाला जात नाही."

दसऱ्याला तो बाहेर काढून साहेबांनी स्वतः पूजा केली. तेलात कालवलेलं कुंकू थेट त्याच्या काचेवर लावलं. परत पाण्यात सोडला, तर स्क्रीनवर अख्खी खाडी गढूळ. मला वाटलं, आता तरी आपली किंमत कळेल.

साहेबांनी धावत इंजिनिअर बोलावला. वर मलाच म्हणाले, "नाजूक आहे रे, त्याला आठवडाभर आराम देऊ. तोवर तू बाटल्या भर."

मला ताप आला होता, तेव्हा म्हणाले होते, "गोळी घे आणि खाडीवर जा."