गुन्हा नसल्याचा दाखला

रामराव: दार लाव आधी. अन् आवाज खाली घे. तू तर बोटीत पाह्यजे होतास.

कचरू: बोट गेली, दादा. मी राह्यलो.

(गोदावरीकाठचं शहागड, अंबड तालुका; इथं नदीला गंगाच म्हणतात. निजामाचं राज्य, सन १९३७, भर दुपार. जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर कचरू सतरा दिवसांमागं युगांडाला जायचं म्हणून याच घरातून निघाला होता, तेव्हा अर्धं गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं होतं. आज तो नऊ कोस रानारानानं ठेचाळत परत आलाय, आणि सख्ख्या थोरल्या भावानं त्याला साधं पाणीसुद्धा विचारलेलं नाही. रामरावचं तोंड असं का उतरलंय, हे कचरूला चांगलंच ठाऊक आहे, आणि त्याच्या अंगाची नुसती आग होते आहे. चुलीशी रामरावची बायको दुर्गाबाई भाकरी थापते आहे.)

दुर्गाबाई: पाणी घ्या, भावजी. पाय रगतानं भरलेत तुमचे.

रामराव: तू तवा बघ. कचऱ्या, येताना कोणी पाह्यलं का तुला?

कचरू: पाह्यलं तर काय? मी चोर हाय का?

रामराव: सवालाला सवाल नको. परत कशाला आलास?

कचरू: मुंबईच्या पासपोर्ट हापिसात साहेबानं कागद पाह्यले. युगांडातल्या शेठचं पत्र बराबर. युगांडाच्या सरकारचा कामाचा परवाना बराबर. तिथल्या जिनिंगला एकच फिटर मंजूर, त्याच्यावर माझं नाव. मंग साहेब म्हणे, तू निजामाच्या मुलखातला. तुझ्यावर गुन्हा न्हाई असा तहसीलीचा दाखला आण, तवाच पासपोर्ट. म्हणून काल अंबडला गेल्तो.

रामराव: अंबडला?

कचरू: आपल्या ओळखीच्या जगन्नाथ कारकुनानं दाखल्यासाठी दप्तर उघडलं अन् तोंड पांढरं पडलं त्याचं. म्हणे, मागल्या दारानं पळ. तुमच्या गावच्या भुजंगच्या खुनात तुझं नाव हाय. नाव कोणी दिलं, ते बी त्यानंच सांगितलं.

रामराव: बस. खाली बस आधी.

कचरू: तू दिलंस, दादा.

रामराव: तू बोटीत बसला असशील असं वाटलं मला! पत्रात बुधवारची बोट लिहिली होतीस. मी गुरुवारी ठाण्याच्या अमीनसाहेबाला नाव दिलं. एक दिवस मुद्दाम थांबलो तुझ्यासाठी. समुद्रापार गेलेल्या माणसाला कोण धरायला येतं? तुझं काहीच जात नव्हतं, अन् माझं घर वाचत होतं.

कचरू: अन् भुजंग?

रामराव: त्याचं नाव काढू नको. गंगेच्या पात्रातल्या मळईत वाटे पाडत होतो. पाणी उतरलं की दरसाल पाडतो तसे. त्यानं माझ्या वाट्यात दोन हात आत मेख ठोकली.

कचरू: दोन हात वाळूसाठी? पुढच्या पुरात ती वाळू वाहून जाती, दादा! तिथं टरबुजाचे वेल लावतो आपण, घर बांधत न्हाई.

रामराव: मारायचं नव्हतं मला. हातात पहार होती. एक घाव बसला.

कचरू: कारकून म्हणे, पंचनाम्यात डोस्कं चार जागी फुटल्याचं लिहिलंय.

रामराव: तो ओरडत होता!

दुर्गाबाई: भावजी, घोटभर तरी प्या.

कचरू: नको, वैनी. दादा, ऊठ. ठाण्यात चल. जे झालं ते तुझ्या तोंडानं सांग. अमावास्येच्या आत मी बोटीत बसलो न्हाई, तर परवाना दुसऱ्याच्या नावावर जातो. आठ वर्षं शेठच्या माणसाच्या मागं लागलो, तवा हा कागद आलाय.

रामराव: फासावर जाऊ मी? बिलकुल न्हाई. हे बघ, तू गंगेच्या काठाकाठानं मावळतीला जा, हद्दीपल्याड. तिकडं इंग्रजाचा मुलूख. अमीनचा हात पोचत न्हाई.

कचरू: अन् जन्मभर लपून बसू? कागदाबिगर मला कोणी बोटीला हात लावू देत न्हाई. तुला कळून राह्यलंय का? माझी वाट एकच हाय, अन् तिच्यावर तू भुजंगचं मढं टाकलंस!

रामराव: आवाज! शेजारी ऐकतील.

कचरू: ऐकू दे! लहानपणी आसुडानं मारायचास. मी कोपऱ्यात बसून म्हणायचो, एक दिवस जाईन. इतका लांब जाईन की तुझा हात पोचणार न्हाई.

दुर्गाबाई: भावजी! ती सरपणाची कुऱ्हाड ठेवा! पाया पडते, खाली ठेवा.

रामराव: मारू दे त्याला. मार, कचऱ्या. हे घे, मान वाकवली. मार जल्दी. मंग दप्तरातलं तुझं नाव खरं होईल.

कचरू: मान वर घे, दादा.

रामराव: काय झालं? मारणार न्हाईस?

कचरू: ही घे, फेकली कुऱ्हाड. तुझ्यासारखा मी न्हाई. ठाण्यात मी एकटा चाललो. मारतील, मारू दे. पण खरं सांगणार.

रामराव: उंबऱ्यापाशी थांब.

कचरू: सोड दार.

रामराव: थांब म्हणतो ना!

दुर्गाबाई: मुसळ कशाला उचललं? अहो... हातावर नको! त्यांच्या हातावर न्हाई! अहो!

कचरू: आई गं! बोटं... दादा, उजवा हात... वैनी!

दुर्गाबाई: पुन्हा न्हाई! सोडा ते मुसळ! हाड बाहेर आलंय, दिसत न्हाई का तुम्हाला?

रामराव: झालं आता. गप पड. ऐक माझं. फुटक्या हाताचा फिटर कोणता शेठ घेतो? आफ्रिका संपली तुझी. मंग गुन्हा तुझ्या नावावर राह्यला, तर काय बिघडलं? तुला ना बायको ना लेकरू. मला दोन पोरी हायेत.

कचरू: वैनी, मला उठता येत न्हाई.

दुर्गाबाई: येतं. हा पदर फाडला, गच्च बांधते. दात खा. हां. आता माझ्या खांद्यावर भार टाका.

रामराव: दुर्गे, कुठं चाललीस?

दुर्गाबाई: ठाण्यात. भुजंग मेला त्या रविवारी सांजंला मी भावजींच्या दशम्या बांधून राह्यले होते. हे माझ्यासमोर बसले होते. तुम्ही आल्ते गंगेतून, वले. धोतर मी धुतलं. तीन पाण्यात बी लाल राह्यलं, म्हणून चुलीत घातलं. अमीनला सांगते.

रामराव: कुंकू पुसायला निघालीस स्वतःचं? टांग तोडीन. मागं फीर!

दुर्गाबाई: तोडा. सरकत सरकत जाईन. सतरा दिवस मी तोंड मिटून बसले. म्हणलं, भावजी सुटले, गेले, आता बोलून कोणाचं भलं? आज माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही पोटच्या पोरासारख्या भावाला मोडलं.

रामराव: दुर्गे, ऐक. पाया पडतो तुझ्या. ऐक ना.

कचरू: वैनी, हात तर गेला. आता दाखला घेऊन मी काय करू?

दुर्गाबाई: ते हात बरा झाल्यावर बघू. गुन्हा तुमचा न्हाई, तेवढं आज लिहून घेऊ. चला.

रामराव: दुर्गे!

दुर्गाबाई: भाकरी टोपल्यात हायेत, अन् पिठलं झाकून ठेवलंय. पोरी रानातून आल्या की वाढा. अमीन यायच्या आत.