न झालेली उलटतपासणी

वकील दिला की आरोपीला न्याय मिळतो, असं मला कुणी सांगू नका. लातूरच्या सलीम मिस्त्रीवर भूकंपग्रस्तांच्या छपराचे पत्रे चोरल्याचा आळ होता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याच्या दुकानाच्या झडतीत सापडले. पण झडतीचा पंच कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाला, "दुकानात मी गेलोच न्हाई. ठाण्यातच कोऱ्या कागदावर सही केली."

मी धावत जाऊन सलीमला कोर्टानं दिलेल्या वकिलाला सांगितलं, "एवढंच विचारा, मिस्त्री सुटतोय."

पंचाची साक्ष झाली. वकिलानं घड्याळ पाहिलं. "उलटतपासणी नाही, साहेब."

त्याच जप्तीवर सलीमला पुढं सजा लागली. त्या दिवशी मी वकिलाला दारातच अडवलं. "अहो, का नाही विचारलं?"

"सोडा हो, पाचला माझा क्लास हाय. पोरं वाट बघायलीत."

"काय शिकवताय?"

"झडती आणि पंचनामा."