हरणाआधी पितळ

मला आधी एक सांगा, काडतूस आणि गोळी ह्यांत फरक काय? ... नाही ना सांगता येत? मग तुमच्यावर देवाची कृपा आहे, ती तशीच राहो! कारण माझा मेहुणा कास्मिर, आमच्या जॉर्जिनाचा सख्खा धाकटा भाऊ, ह्या एका प्रश्नावर माझ्या घरी येऊन दुपारचा बसला तो दिवेलागणीला उठला. 'भावोजी, गोळी म्हणजे फक्त ते पुढचं टोक, उडून जातं ते! काडतूस म्हणजे अख्खा संसार! पितळेची नळी, बुडाला टिकली, पोटात दारू आणि तोंडात गोळी!' मी म्हटलं, बाबा रे, पोटात दारू आणि तोंडात गोळी असे संसार मी वसईत पुष्कळ पाहिले आहेत. हसला नाही. बंदुकीच्या बाबतीत कास्मिर हसत नाही. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी हसतो!

तुम्हाला सांगतो, मी वसईला कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलेला माणूस, इथे कॅनडात हॅमिल्टनला चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. मला बंदुकीतलं काही कळत नाही. पाप तेवढं कळतं.

आता कास्मिर वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. स्टीलच्या कारखान्यात उभी हयात काढली, रविवारची मिस्सा चुकवली नाही, बायकोला, म्हणजे नोराला, कधी उलट बोलला नाही... बोलला असेल, तिने ऐकून घेतलं नाही. पण निवृत्त झाला आणि बेसमेंटमध्ये उतरला! लोक बेसमेंटमध्ये काय ठेवतात? फ्रीझर, जुना सोफा, नाताळचा गोठा. ह्याने तिथे कुलपाचं लोखंडी कपाट बसवलं आणि त्यात लाडक्या लेकी ठेवाव्यात तशा बंदुका ठेवल्या. एक ट्वेंटी-टू, कागदावर नेम धरायची, आवाज इतका बारीक की नोराची शिंक त्याहून मोठी. दुसरी जुनी लष्करी, थ्री-नॉट-थ्री. 'भावोजी, लहानपणी वसईच्या चौकीबाहेर हवालदाराच्या खांद्याला हीच असायची! हात लावला म्हणून त्याने कानाखाली वाजवली होती. आता माझी स्वतःची आहे!' म्हणजे पाहा, एका थपडेचा सूड घ्यायला माणूस कॅनडापर्यंत येतो! आणि तिसरी पट्टराणी... थ्री-ओ-एट, जाड बॅरलची, नेमबाजीच्या स्पर्धेतली. हिला दुकानातली काडतुसं चालत नाहीत. 'दुकानातलं काडतूस म्हणजे फ्रोझन पोळी, भावोजी!' म्हणून हा स्वतः भरणार, एकेका नळीत दारू तोलून घालणार, वर गोळी दाबून बसवणार, आणि चेहऱ्यावर काय ती तन्मयता! वेदीवर फादर द्राक्षारस ओततात, तेव्हा ती दिसावी. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, 'हलू नका, तराजू हलतो.'

आणि एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी नळी टाकून द्यायची नाही, बरं का! ती शोधायची, खिशात घालायची, घरी आणून घासायची, पुन्हा भरायची. ह्या पंथाची ही पहिली आज्ञा. मोशेला देवाकडून ज्या दहा मिळाल्या त्या नंतर.

शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जायचा, कागदावर एका भोकात पाच गोळ्या घालायचा आणि तो कागद आणून फ्रिजवर चिकटवायचा. नोरा मला म्हणाली, 'भावोजी, नातवंडांची चित्रं होती तिथे. ह्याने ती काढून भोकं लावली.' आणि वर ह्याचं पालुपद... 'आयुष्यात माझा नेम चुकलेला नाही!' प्रत्येक जेवणात! डाळीबरोबर नेम, भाताबरोबर नेम! शेवटी दोन हजार सोळाच्या थंडीआधी नोराने निर्वाणीचं सांगितलं, 'एवढी वर्षं कागद मारलास. ह्या नाताळला हरणाचं मटण ताटात आलं नाही, तर ते कपाट घराबाहेर जाईल. आणि तुला वाटत असेल मी बोलते आणि विसरते, तर तुझा मासे पकडायचा गळ कुठे आहे ते आठव.'

गळ कुठे होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कास्मिर पांढरा पडला.

निघायच्या आधी क्लबात फ्रेडी भेटला. फ्रेडी आमच्याच वसईतल्या पापडी गावचा, इथे कित्येक वर्षं शिकार करतो. त्याने ह्याच्या डबीतलं एक काडतूस उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, 'हे हरणाला?'

'का? सोन्यासारखं जातं!'

'जातं, म्हणूनच म्हणतो. कास्मिर, ही कागदाची गोळी आहे. सुईसारखी आरपार जाईल, जनावर पळत राहील आणि पळता पळता आतून मरत राहील. शिकारीची गोळी घे, मऊ नाकाची. लागली की फुलते, जनावर फार लांब जात नाही.'

'दुकानातली? माझ्या राणीच्या तोंडात दुकानातली?'

'अरे, हरणाला तुझ्या राणीशी काय करायचंय?'

'फ्रेडी, नेम पक्का असला की कुठलीही गोळी चालते.'

अहंकार असाच बोलतो. थोडक्यात बोलतो आणि शंका घेत नाही. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पाप तेवढं कळतं, आणि ते मला तिथे उभं दिसलं, क्लबाची टोपी घालून!

तरी मी गेलो. का गेलो? जॉर्जिना म्हणाली, 'त्याला एकटं पाठवू नका.' चाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो की हा सल्ला नसतो. उत्तरेला पॅरी साउंडच्या बाजूला वॉल्टर म्हणून एक म्हातारा शेतकरी आहे, त्याच्या रानात शिकारीची परवानगी मिळाली. लायसन्स होतं, एका हरणापुरता टॅग होता, सगळं कायदेशीर... आणि मी, नीतिशास्त्राचा प्राध्यापक, पायांत ऑफिसचे बूट, अंगात नारिंगी जाकीट आणि डोक्यावर नारिंगी टोपी घालून बर्फात उभा, जसा काही रस्ता खणलाय तिथे लावलेला खांब! नाकातलं पाणी गोठतंय, बोलायचं नाही, खोकायचं नाही, 'भावोजी, श्वास हळू!' आता श्वासही ह्याला विचारून घ्यायचा?

आणि दुपार कलताना तो आला. शिंगवाला नर. झाडांतून बाहेर पडला, मान वर केली, आणि तुम्हाला सांगतो, मी एवढी प्रवचनं दिली पण निर्मात्याचा असा पुरावा मी कधी देऊ शकलो नाही. बार झाला. हरणाने पाठ कमानीसारखी वाकवली, एक उडी घेतली आणि ते दलदलीतल्या सीडरच्या झाडीत शिरलं. कास्मिरने बंदुकीची कडी मागे ओढली, रिकामी नळी उडून बर्फात पडली. मग तो हळूच म्हणाला, 'चुकला.'

चुकला! ज्याच्या तोंडून हा शब्द लग्नानंतर नोराने ऐकला नाही, तो म्हणतो चुकला! मला वाटलं, देवा, अखेर ह्याला नम्रता आली! मी आभार मानत मानत हरीण उभं होतं तिथवर गेलो... आणि बर्फावर रक्त.

'कास्मिर, रक्त आहे!'

'जुनं असेल.'

'वाफ येते आहे त्यातून!'

'भावोजी, पुढे स्वॅम्प आहे. मांडीपर्यंत बर्फाचं पाणी. थोड्या वेळात अंधार पडेल. चुकला म्हणजे चुकला.'

आता कळलं तुम्हाला? चुकला म्हटलं की शोधायला नको! आयुष्यभर न मानलेली चूक ह्याने त्या दिवशी मानली, ती खोटी! मी हाका मारतो आहे, वळून पाहतो, तर हा गुडघ्यांवर बसलेला. मला वाटलं, पश्चात्ताप झाला, प्रार्थना करतोय. कसली प्रार्थना! हातमोजे काढून बर्फ चाळत होता. ती रिकामी नळी शोधत होता! बोटं निळी पडली तरी उठेना. इंचन् इंच चाळला, आणि सापडली तेव्हा तिच्यावर फुंकर घातली, शर्टाला पुसली, आतल्या खिशात ठेवली. पितळ सापडलं. हरणासाठी वेळ नव्हता.

गाडीची किल्ली त्याच्याकडे. परतताना त्याने रोझरीची जपमाळ सुरू केली, दुःखाची रहस्यं. मी प्रतिसाद दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टरने कावळे पाहिले. हरीण फार लांब गेलंच नव्हतं. सीडरखाली बसल्या बसल्या मेलेलं, कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यांनी, मागचा भाग खाल्लेला, मांस वाया गेलेलं. जखमी जनावर शोधायचा प्रयत्न न करणं हा इथे गुन्हा आहे, आणि वॉल्टरने फोन उचलला. वन्यजीव खात्याची अधिकारी आली, तरुण मुलगी, तिने तो बर्फ असा वाचला जशी मी उत्तरपत्रिका वाचायचो. रक्ताचा माग, त्याच्या मागे एकही बूट नाही. माझे बूट रक्तापर्यंत येऊन परत फिरलेले. आणि एका जागी गुडघ्यांनी तुडवलेलं मोठं रिंगण. हॅमिल्टनला येऊन तिने फोटो माझ्यासमोर ठेवले. 'सर, हू वॉज प्रेइंग हिअर?'

मी म्हटलं, 'मॅडम, नोबडी.'

वसंतात खटला उभा राहिला. वकिलाने कास्मिरला सांगितलं, 'बचाव एकच. तुम्हाला प्रामाणिकपणे वाटलं की नेम चुकला, म्हणून शोधलं नाही. विचारतील तेव्हा म्हणायचं, आय थॉट आय मिस्ड. पुढे एक अक्षर नाही!' ह्याने मान डोलावली. बायबलवर हात ठेवला. सांगितलं तसं बोलला. सगळं ठीक चाललं होतं हो! नोरा मागच्या बाकावर माळ ओढत होती, फ्रेडी आला होता, क्लबातली माणसं आली होती... आणि न्यायासनावरच्या बाईंनी चष्मा काढून अगदी सहज विचारलं, 'एवढ्या अंतरावरून? म्हणजे, मिस्टर लोपीस, तुमचा नेम फारसा चांगला नाही तर?'



'एक्स्क्यूज मी?' कास्मिर म्हणाला.

वकिलाने डोळे मिटले.

'युअर वर्शिप, ती थ्री-ओ-एट आहे! काडतूस मी हाताने भरलेलं आहे! एका भोकात पाच गोळ्या जातात माझ्या, विचारा त्या फ्रेडीला! त्या अंतरावरून डोळे बांधले तरी मी चुकणार नाही! नेव्हर! नेव्हर इन माय लाइफ!'

आणि मग त्याच्या लक्षात आलं. बाई लिहीत होत्या.

मला बंदुकीतलं काही कळत नाही. पण त्या दिवशी तो खोटी शपथ घेऊन सुटला असता, आणि त्याच्या गर्वानेच त्याच्याकडून खरं बोलवलं, हे मी पाहिलं. देव कुठलंही हत्यार वापरतो.

पट्टराणी सरकारजमा झाली. शिकारीचं लायसन्स गेलं, दंड झाला, शिकारीचा कोर्स पुन्हा करायचा हुकूम झाला. उरलेल्या दोघींना फ्रेडीने गिऱ्हाईक पाहून दिलं. कपाट नोराने बाहेर काढलं. ते कुठे गेलं, विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पण हे सगळं कोर्टाचं. कास्मिर पापनिवेदनाला गेला. फादरनी प्रायश्चित्त दिलं होतं... जपमाळ नव्हे, उपास नव्हे. 'ज्या वाटेने हरणामागे गेला नाहीस, त्या वाटेने पायी जा.' पुन्हा त्याच मोसमात, नोव्हेंबरात, बंदुकीशिवाय, त्या सीडरपर्यंत. वॉल्टरला फोन केला, तर तो म्हणाला, येऊ दे, पण हा माणूस माझ्या रानात एकटा फिरणार नाही, त्या प्रोफेसरला बरोबर आणा.

म्हणजे पाप त्याचं, प्रायश्चित्त त्याचं, आणि मांडीपर्यंत बर्फाच्या पाण्यात कोण? दोघे! मध्येच दात वाजवत मला विचारतो, 'भावोजी, अजून किती?' मी म्हटलं, 'हरणाने विचारलं नव्हतं. चाल!'

चालला. रडत चालला, पण सीडरपर्यंत चालला.