एकदा दाबा आणि थांबा

सात वाजून बारा मिनिटं! सकाळचे! घड्याळ बघून सांगते, कारण तोवर आमच्या घरातला फोन बोट लावलं की पळायचा, आणि त्या मिनिटापासून तो मुरडत यायला लागला. मुरडत! आता फोनला मुरडायचं काय कारण, तुम्हीच सांगा. आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, एका हातात चहा, दुसऱ्या हातात माझा फोन... "वहिनी, अपडेट केलंय हं, घ्या." मी घेतला. मला वाटलं, अपडेट म्हणजे आतला केरबिर काढला असेल.

कसला केर! कॅमेऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं, तर ते आधी आत दबलं, मग फुगलं, मग हेलकावे खात मोठं व्हायला लागलं, मागचं सगळं धूसर झालं... आणि उघडलं म्हणाल तर काहीच नाही! पाहुणा दारात उभा आणि आतून नुसता कड्यांचा आवाज! मी परत दाबलं. परत दाबलं. भावजी म्हणतात, "वहिनी, असं बडवू नका. एकदा दाबा आणि थांबा."

थांबा! हे कुणाला? मला! अहो, गॅस बंद केला तरी मी तीनदा बघते. कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन ओढून बघते. आमची भोपळी, म्हणजे माझी मुलगी हो, गुबगुबीत आहे म्हणून आजीनेच हे नाव ठेवलंय, ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते, श्वास चालू आहे ना म्हणून. बोटाने ती दचकून उठते, भोकाड पसरते, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो. आणि मी थांबू?

बरं, फोन हवा कशाला, तर ह्या भोपळीसाठीच. सव्वा वर्षाची झाली आणि चालायचं नाव नाही. रांगते, धरून उभी राहते, खुदकन हसते, की बसली! समोरच्या दारची पोर हिच्याच वयाची, ती जिने चढते. तिची आई दारात उभी राहून विचारते, "तुमची अजून बसूनच का हो?" 'बसूनच' असं म्हणते, जसं काही भोपळीने बसायची नोकरी धरलीय! डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "पाय छान आहेत, चालेल की." कधी? तर म्हणे, "तिला वाटेल तेव्हा." मला रात्रंदिवस वाटतंय त्याचं काही नाही!

आणि हे गाडीवर. लांबच्या फेऱ्या, आज या टोकाला तर उद्या त्या टोकाला. जाताना बजावून गेले, "हे बघ, तिचं पहिलं पाऊल मला दिसलंच पाहिजे. ती उभी राहिली की आधी कॅमेरा, मग बाकीचं." म्हणजे पोरीचं पहिलं पाऊल, ह्यांचा जीव त्यात अडकलेला, आणि हातात हा मुरडणारा फोन.

मी घरी पडदे शिवते. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्यात, आणि भोपळीच्या कमरेला पडद्याची पट्टी, तिचं दुसरं टोक मशीनच्या पायाला. सासूबाई म्हणतात, "अगं, पोर आहे की पार्सल? पडू दे की जरा! न पडता कोण चाललंय?" म्हणायला काय जातंय त्यांचं? ती नुसती डुलली तरी माझे दोन्ही हात तिच्या काखेत गेलेले असतात.

एकदा ती उभी राहिली म्हणून मी घाईघाईने फोन दाबला. दाबला, दाबला, दाबला... आणि त्याने सगळी दाबादाबी साठवून ठेवली हो, आणि मग एकदमच केली! कॅमेरा उघडला, माझ्याकडेच वळला, माझ्या नाकपुड्यांचा फोटो काढला आणि पाठवून मोकळा. कुणाला? पोरीच्या डॉक्टरांना! त्यांचं उत्तरही आलं, "मोठ्यांचं नाक मी बघत नाही." इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

तशीच गेले दुरुस्तीवाल्याकडे. त्याने फोन उलटासुलटा केला. "ताई, बिघडला नाहीये. दिसायला छान केलाय."

"दिसायला? मला काय त्याचं लग्न जमवायचंय?"

तर तोही तेच! "एकदा दाबा आणि थांबा."

मग परवाची दुपार. मी पडद्याला दुमड घालतेय, भोपळीची पट्टी धुवायला टाकलेली. बघते तर ही पडदा धरून उभी, आणि हळूच... पडदा सोडला! हात निघालेच होते तिच्याकडे, पण ह्यांचं आठवलं, आधी कॅमेरा! फोन उचलला, दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा... एकदा दाबलं. आणि थांबले.

चित्र दबलं. फुगलं. हेलकावे खायला लागलं. भोपळी माझ्याकडे बघतेय. नेहमीचे हात येईनात! तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, थोडी वाट पाहिली, आणि मग 'बरं, मीच येते' अशा तोंडाने निघाली. एक पाऊल... दुसरं... लटपटत, डुलत, थेट येऊन माझा गुडघा धरला!

आणि तेव्हा कॅमेरा उघडला. अगदी दिमाखात!

ह्यांना व्हिडिओ पाठवला. त्यात नुसती फरशी, माझं हुंदके देणं, आणि सासूबाईंचा आवाज, "अगं, पोर चालली आणि तू रडतेस काय!" ह्यांचा फोन आला. "पाऊल कुठंय गं?"

"आवाजात आहे," म्हटलं.

तर म्हणतात, "परत परत बघितला. फरशी झकास दिसतेय हं." आणि नाक ओढलं. गाडीत धूळ होती म्हणे!

सासूबाई काही सोडतात होय? "वर्षभर तुझे हात मोकळे होते ना, म्हणून बसली होती ती." काल भावजी म्हणाले, "वहिनी, ते मुरडणं बंद करता येतं, आत्ता करून देतो." मी ओरडलेच, "हात लावू नका त्याला!" आता भोपळी घरभर डुलत फिरते, आणि मी फोन हातात घट्ट धरून बसते.

तेव्हा एवढं करा हो... तुमच्या ओळखीत कुणाचं लेकरू अजून बसूनच असेल, तर त्या माउलीला माझा निरोप द्या. दोन्ही हातांत फोन धर म्हणावं, एकदा दाब आणि थांब. मीच कळवलं असतं हो सगळ्यांना. पण मघाशी दाबलाय... अजून उघडतोय.