खिशातलं पत्र

छप्पन साली बेंगळुरात एका रविवारी सकाळी मी नंदीच्या डोंगराकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत होतो. पुढे एक मराठी जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात डबा होता.

"अहो, समोर टपालपेटी आहे. मुंबईच्या कचेरीला होकार कळवायचाय ना? पत्र टाकून या."

"टाकतो. स्वल्प थांब. तेवढ्यात बस आली तर?"

"मी उभी आहे की रांगेत. बढती काही रोज मिळत नाही."

"मुंबईत रविवारी जायचं कुठे?"

"समुद्रावर. तुम्हीच म्हणालात."

"समुद्रावर चित्रान्न खायचं म्हणजे भातात वाळू."

"सरी, बरं, आज डोंगरावर खा. पण मंगळवारपर्यंत होकार पोचला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाईल."

"शेंगदाणे घातलेस ना?"

"घातले. विषय बदलू नका."

"संध्याकाळी परतताना टाकलं तर?"

"मग मंगळवारी पोचायचं नाही. आत्ताच टाकायला हवं."

"हो, ते खरंच."

"मग जा ना. उभे काय राहिलात?"

"अनुसूया, ती बघ बस आली. चल, चढ आधी. डाव्या बाजूची खिडकी धर, तिकडून तळं दिसतं."

"धरली. या, बसा. आणि पत्र?"

"खिशातच आहे."

"बरं. पुढच्या रविवारी शेजारच्या गोदूअक्काही येणार आहेत आपल्याबरोबर. मी कालच सांगून ठेवलंय त्यांना."