व्याहीबुवांनी जुळवलेली गोळी

...पाकिटं बदलली म्हणे! मी? अहो, बावीस वर्षं पोलीस ठाण्याची मुद्देमाल खोली सांभाळली मी! चोरीची सायकल, रक्ताळलेला शर्ट, कुणाची तुटकी कवळी, सगळ्याला चिठ्ठी, सगळ्याला लाखेची मोहोर... आणि एवढ्या मोठ्या पुढाऱ्याच्या खुनातली गोळी मी बदलीन? आणि हे म्हणालं कोण? परका असता तर चार शिव्या हासडल्या असत्या... आमचे व्याही हो! सरकारी बंदूकतज्ज्ञ! माझी मुलगी दिलीय त्यांच्या घरात!

तुम्हाला सांगतो, झालं काय... पुढारी भर सभेत भाषणाला उभे राहिले, गोळी लागली, कोसळले. सभागृहाच्या विजेवाल्याला धरलं, का, तर त्याच्या हत्यारांच्या पेटीत बापाचं गंजकं रिव्हॉल्व्हर! गोळी आणि रिव्हॉल्व्हर घेऊन मी स्वतः गेलो प्रयोगशाळेत. व्याहीबुवांनी गोळी नळीच्या तोंडाशी धरली... शिरेना! अरुंद दारात कपाट अडकावं तशी! माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्याहीबुवा, ही गोळी या बंदुकीची नव्हेच. कोर्टात बेधडक सांगा, मी आहे ना पाठीशी! गोळी खोटं बोलत नाही."

सांगितलं की बेधडक! विजेवाल्याच्या वकिलाने गोळी नळीला लावून दाखवली, शिरली नाही, कोर्टात ही खळबळ! मग व्याही साक्षीच्या पिंजऱ्यात. माझ्याकडे बघेचनात. चष्मा पुसला, घसा खाकरला... "साहेब, मी तपासलेली गोळी अगदी जुळत होती. मुद्देमाल खोलीत पाकिटं बदलली असावीत."

असावीत! मी बाकावरून ओरडलो, "अहो व्याही!" तर न्यायाधीश म्हणतात, "नाती बाहेर!" गोळी खोटं बोलत नाही, खरंय हो... तिला कुठे वरून फोन येतात!

मग माझी चौकशी. म्हटलं, मोडेन पण कबूल करणार नाही. तर मुलीचा फोन. आवाज एवढासा... "बाबा, द्या ना लिहून. इथे कुणी बोलत नाही माझ्याशी. सासूबाई ताट वाढतात आणि न बोलता आत जातात." आता सांगा, काय करायचं बापाने? दिलं लिहून, 'माझ्या हातून पाकिटं बदलली.' बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि तेवढंच सगळ्यांनी खरं मानलं!

निकाल? संशयाचा फायदा देऊन विजेवाला सुटला. सुटू दे, त्याने काही केलंच नव्हतं! खरा मारेकरी? शोधतंय कोण? एवढ्या मोठ्या खुनात शिक्षा झाली एकालाच... मला! नोकरी गेली. आणि गोळी खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांना बढती!

परवा व्याही आले घरी. कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणतात, "मनावर घेऊ नका. खरे तुम्हीच होतात." म्हटलं, "हेच जरा चारचौघांत बोला!" तेवढ्यात बायकोने खसकन चिमटा काढला, "अहो, व्याही आहेत! हात जोडा आधी!"

...जोडले. काय करता? कोर्टात निदान संशयाचा फायदा मिळतो हो. मुलीच्या बापाला तोही नाही!